पेटीत कोणी पाहिले?

हातात काम असेल तर ते चालू द्या, फक्त कान इकडे द्या.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाच्या चार मधपेट्यांपैकी एक हातची गेली. ती कशी गेली ते आधी सांगते, कारण आजच्या गोष्टीचे दार तिथूनच उघडते.

पेटी माझ्या परसात, फणसाच्या सावलीला होती. पावसाळा निभावला, थंडी निभावली. दारातून माश्यांची ये-जा चालू असायची, कान लावला की आतून गुणगुण ऐकू यायची. पेट्या देणाऱ्यांनी बजावले होते, "बायांनो, उगाच झाकण उघडू नका, माश्या उठतात. आम्ही येऊन बघू." ते काही आले नाहीत, आणि आम्ही काही उघडली नाही. गुणगुण आहे म्हणजे घर नांदते आहे, असे धरून चाललो.

माघ संपता संपता शेवटी धीर करून झाकण काढले. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी. तीही तळाशी नव्हेत, भिंतींना चिकटलेली. बंद केलेल्या घरांच्या टोप्या फुगीर, आणि प्रत्येक टोपीला मधोमध सुईने टोचल्यासारखे भोक. आपल्या सातेरी माशीच्या पोळ्यात अशी भोकाची टोपी दिसली की ते पिल्लू नराचे समजायचे. सगळ्या चौकटींवर नरच नर! राणी कधीच गेली होती. राणी नाही म्हटल्यावर कामकरी माश्यांनीच अंडी घालायला घेतली होती, आणि त्यांच्या अंड्यांतून नरच निघतात. नर ना मध आणतात, ना पराग. फाल्गुनात ती वसाहत संपली. मागे राहिलेल्या पोळ्याचा मेणकिड्याने जाळ्यांचा लगदा केला.

हे सगळे मला नंतर पुस्तकातून कळले. गटात सांगितले तेव्हा आमच्या एक काकू म्हणाल्या, "कामकरी माशी अंडी घालते, हे पहिल्यांदा बघितले तरी कोणी? एवढ्या हजारो माश्यांत कळले कसे?"

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. शिवाजी महाराजांपासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत सगळे पाठ, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून शोधायला बसले, आणि गंमत बघा, उत्तर फ्रेंच राज्यक्रांतीच्याच काळातले निघाले.

त्याआधी थोडे मागे जाऊ. मधमाशी माणसाच्या ओळखीची हजारो वर्षांची, पण तिच्या घरात काय चालते याचा पत्ता नव्हता. ग्रीस देशातल्या अॅरिस्टॉटलसारख्या विद्वानाने पोळ्यातल्या मोठ्या माशीला राजा म्हटले, आणि पुढे कितीतरी शतके लोक राजाच म्हणत राहिले. १६०९ साली इंग्लंडच्या चार्ल्स बटलरने आपल्या पुस्तकाच्या नावातच मधमाश्यांचे राज्य हे बाईचे राज्य असल्याचे सांगून टाकले. त्याच शतकात हॉलंडच्या स्वामरडॅमने सूक्ष्मदर्शकाखाली त्या 'राजा'चे पोट उघडून दाखवले, तर आत अंडाशय! तेव्हा कुठे राजाची राणी झाली.

पण मेलेली माशी चिरून पाहणे वेगळे, नांदत्या घरात डोकावणे वेगळे.

युरोपात तेव्हा माश्या गवताच्या टोपल्यांत पाळत. पेंढ्याचा जाड दोर वळून केलेली, उपडी घातलेली टोपली. ती बहुधा परसबागेतच असायची, आणि परस म्हणजे बाईचे राज्य. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम लॉसन नावाच्या इंग्रजाने खास खेड्यातल्या गृहिणीच्या बागेवर पुस्तक लिहिले, त्यात भाजीपाल्याबरोबर मधमाश्याही आहेत. म्हणजे माश्या बघायच्या कोणी, हे तिथे गृहीतच धरलेले होते.

आता तिकडचा हिवाळा डोळ्यांपुढे आणा. महिनोन्महिने बर्फ, फूल नाही. माश्या बाहेर पडत नाहीत. सगळ्या मिळून एक गोळा करतात, अंगाचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात आणि साठवलेला मध खाऊन दिवस काढतात. खरी कसोटी मात्र ऐन थंडीत नसते, ती थंडी सरताना येते. बाहेर बर्फ असतानाच राणी पुन्हा अंडी घालू लागते. पिल्लांना ३४-३५ अंशांची ऊब लागते, म्हणजे माश्यांना जास्त राबायचे, जास्त खायचे. आणि फुले तर अजून उमललेली नाहीत. घरात बाळंतीण आणि कणगी रिकामी, तशी गत. सगळी थंडी काढलेली वसाहत वसंताच्या उंबरठ्यावर उपाशी मरायची.

मग त्या काळची बाई वसंताच्या तोंडाशी काय तपासत असेल? टोपली किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा. टिचकी मारून आवाज ऐकायचा. उन्हाच्या दिवशी दाराशी बसून, माश्या पायांना पराग लावून आत जाताहेत का ते बघायचे. पराग जातो आहे म्हणजे आत पिल्ले आहेत. बस्स, एवढेच हातात. पोळी टोपलीच्या भिंतींना चिकटलेली असत. आत पाहायचे तर घर मोडायचे.

मधासाठीही घर मोडूनच काढायचे. शरद ऋतूत सगळ्या टोपल्या उचलून बघत. सगळ्यांत जड असेल तिच्यात मध भरपूर, म्हणून ती मारायची. सगळ्यांत हलकी असेल ती हिवाळा काढणार नाही, म्हणून तीही मारायची. खड्ड्यात गंधक पेटवून वर टोपली ठेवली की काम झाले. मधल्या वजनाच्या तेवढ्या पुढच्या वर्षासाठी ठेवत. मैत्रिणींनो, वर्षभर राबून ज्यांनी सगळ्यांत जास्त साठवले त्यांना आधी मारायचे, हा हिशेब मला आजही पचत नाही. पण मी परसातली एक पेटी नुसती न बघून घालवली, तेव्हा त्या लोकांना बोल लावायला मी कोण?

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा नावाचे शहर आहे. तिथे १७५० साली फ्रांस्वा ह्युबर जन्मला. घर खाऊनपिऊन सुखी. पण पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याची नजर जाऊ लागली आणि हळूहळू पूर्ण अंधार झाला. त्याचे मन जडले होते मारी-एमे ल्युलँ या मुलीवर. तिचे वडील शहराच्या बड्या कारभाऱ्यांपैकी. आंधळ्या होत चाललेल्या मुलाला मुलगी द्यायला ते तयार होईनात. तिने भांडण केले नाही, पळूनही गेली नाही. कायद्याने स्वतःचे लग्न स्वतः ठरवता येईल त्या वयाची, पंचवीस वर्षांची, होईपर्यंत ती थांबली आणि मग त्याच्याशीच लग्न केले. पुढे ती त्याला वाचून दाखवायची, त्याचे लिहून घ्यायची, त्याच्यासाठी पाहायची. अशी जवळजवळ चाळीस वर्षे.

घरात एक नोकर होता, फ्रांस्वा ब्युर्नां. शेतकरी घरातला, खेड्यातला. त्याचे मूळ काम मालकाला वाचून दाखवण्याचे. ह्युबर मधमाश्यांवरची पुस्तके वाचून घ्यायचा आणि मधेच थांबवून विचारायचा, हे खरे कशावरून? आपण करून बघू या का? ब्युर्नां करून बघायचा. आंधळ्याने विचारायचे आणि नोकराने पाहून सांगायचे, असे ते काम पंधरा वर्षे चालले.

आत पाहता यावे म्हणून ह्युबरने एक पेटी बनवून घेतली. लाकडी चौकटी एकीला एक लागून, मागे बिजागऱ्या. प्रत्येक चौकटीत एकच पोळे. उघडली की पुस्तकाची पाने उलटावीत तशी चौकट चौकट उलटायची. पहिल्यांदाच नांदते घर न मोडता पानापानाने वाचता येऊ लागले. त्यांना आणखी एक गोष्ट कळली: घाई न करता, सावकाश उघडले तर माश्या फारशा चिडत नाहीत. आमच्या पेट्या देणाऱ्यांना हे कोणी सांगितले असते तर!

राणी नसलेल्या पेटीत अंडी दिसतात, ती कामकरी माश्या घालतात, असे ह्युबरच्या आधीही एकाने म्हटले होते. पण लोकांना शंका होती. कामकरी माशीसारखीच दिसणारी एखादी लहानखुरी राणी गर्दीत लपली असेल तर? हजारो माश्यांत ती ओळखणार कशी? उपाय एकच होता, आणि तो सुचवायला ह्युबर कचरत होता, कारण करणारा दुसरा होता. ब्युर्नां आपणहून तयार झाला. त्याने पेटीतली एकूण एक माशी हातात धरून तपासली. सोंड केवढी, मागचे पाय कसे, नांगी कशी. या कामाला अकरा दिवस लागले. डोळ्यांना लागेल तेवढीच विश्रांती घेऊन तो बसून होता. डंख किती झाले असतील, मोजदाद नाही. लहान राणी एकही निघाली नाही, सगळ्या कामकरीच. पुढे अंडे घालत असतानाच एक माशी त्यांनी धरली, तीही कामकरी!

म्हणजे काकू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे: अकरा दिवस एका नोकराने बघितले.

गोष्ट इथे संपत नाही. कामकरी माशीला मुळात अंडाशय असतो का, हा प्रश्न उरला होताच. जिनिव्हात ज्यूरीन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांची लेक ख्रिस्तीन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिरफाड करण्यात आणि चित्रे काढण्यात तरबेज. तिने साध्या कामकरी माश्या चिरून पाहिल्या आणि त्यांच्या पोटात खुरटलेले, पण अंडाशयच दाखवले. पोळ्यातली प्रत्येक कामकरी ही मादीच असते हे त्यातून पक्के झाले. ख्रिस्तीन छत्तिसाव्या वर्षाच्या आसपास, १८१२ साली वारली. तिचे काम ह्युबरच्या १८१४च्या आवृत्तीत आले, ते बघायला ती नव्हती.

ह्युबरचे पुस्तक पहिल्यांदा १७९२ साली निघाले. राणी पेटीत नव्हे, बाहेर उडत असताना फळते. मेण हे परागापासून नव्हे, माशीने खाल्लेल्या गोडापासून तिच्या अंगात बनते. पराग मिळाला नाही तर पिल्ले जगत नाहीत. हे सगळे त्याच्या कामातून पक्के झाले. ब्युर्नांचे श्रेय त्याने पुस्तकात मोकळेपणाने दिले आहे. तरी मुखपृष्ठावर नाव एकच राहिले आणि जग त्या एकाच नावाला ओळखते. मी स्वतः वर्गात किती शोध एकेका नावावर शिकवून मोकळी झाले असेन!

पानांची पेटी अभ्यासाला छान होती, पण शेतकऱ्याच्या परसात चालण्याजोगी नव्हती. चौकटी मिटताना माश्या चिरडत. साध्या खोक्यात पट्ट्या टांगून बघितल्या, तर माश्या झाकण आणि भिंती डिंकाने चिकटवून टाकत. (आपली सातेरी असा डिंक वापरत नाही, तो त्रास तिकडच्या माशीचा.) हे कोडे अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाने १८५१ साली सोडवले. त्याने ह्युबर वाचलेला होता. त्याच्या लक्षात आले की अगदी अरुंद फट असेल तर माश्या ती डिंकाने बुजवतात, रुंद असेल तर तिथे पोळे बांधतात. पण पेन्सिल जेमतेम जाईल एवढी जागा सोडली, तर ती जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. चौकटीच्या चारी बाजूंना त्याने तेवढीच जागा सोडली. झाले! चौकट नुसती वर उचलायची, बघायची, परत ठेवायची. १८५२ साली त्याला पेटंट मिळाले आणि १८५३ साली त्याचे पुस्तक आले. पेटंटने त्याला पैसा दिला नाही, लोकांनी पेटीची सर्रास नक्कल केली. त्याला मनाच्या आजाराचे झटके येत, महिनोन्महिने काही सुचत नसे. पत्नी अॅना शिक्षिका होती; पुस्तकाचे हस्तलिखित तयार करायला तिचाही हात लागला आहे. पुढे १८६५ साली फिरवून मध काढायचे यंत्र निघाले, आणि पोळे पिळायचेही कारण उरले नाही.

आपल्याकडे मध म्हणजे रानातला. आग्याच्या पोळ्यांचा, रात्री मशाली घेऊन काढलेला, पिल्लांसकट पिळलेला. सातेरी झाडाच्या ढोलीत, दगडी बांधात, पडक्या भिंतीत राहायची. काश्मीरकडे तर घराच्या भिंतीतच तिच्यासाठी मातीची नळकांडी बसवत. चौकटीची पेटी इंग्रजांबरोबर आली, पण ती तिकडच्या मोठ्या माशीच्या मापाची. १९११ ते १९१७ या काळात दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी आपल्या लहान माशीच्या मापाची पेटी बनवली आणि खेड्यातल्या लोकांना ती वापरायला शिकवले. आपल्या सह्याद्रीत १९४६ साली महाबळेश्वरला मध संचालनालय सुरू झाले. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था निघाली. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे तर २०२२ साली देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

आपल्याकडे बर्फ नाही. आपल्या माश्यांचा उपासाचा काळ पावसाळ्यात. पण माघ-फाल्गुनात उघडून बघायचे कारण आहेच. चैत्राच्या सुमारास जांभूळ फुलते, गेळा-हिरडा फुलतात. तेव्हा मध आणायला जी माशी लागते, ती आत्ता अंड्यात असायला हवी. अंड्यापासून माशी व्हायला जवळजवळ तीन आठवडे, आणि ती बाहेरच्या कामाला लागायला आणखी दोनेक. जांभळाचा फुलोरा बघून पेटी उघडली तर उशीर झाला.

यंदा आम्ही उरलेल्या तीन पेट्या फाल्गुन लागता लागता उघडल्या. सकाळी दहाचे ऊन, वारा नाही. जाळीची टोपी एकच, म्हणून ती आमच्यातल्या सर्वांत धाकट्या सुनेला घातली, कारण नजर तिची चांगली. धुराचा डबा माझ्याकडे. काकूंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन अजून व्हायचे आहे. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, मी विचारते, तू बघून सांग. तिसरीने वही घेतली.

पहिल्या पेटीत वरच्या बाजूला मध बोटभर रुंदीचा, त्याखाली परागाची पिवळी-केशरी घरे. दुसरीत मध जवळजवळ नाही. तिला त्याच संध्याकाळी साखरेचा पाक दिला. तळपाट खरवडला, मेणकिड्याच्या चार अळ्या निघाल्या, त्या कोंबडीला टाकल्या.

तिसऱ्या पेटीपाशी सगळ्यांचा श्वास अडकला, कारण ती मेलेल्या पेटीच्या शेजारचीच. राणी काही दिसेना. सून म्हणाली, "काकू, राणी नाही दिसत."

"राणी राहू दे. अंडे बघ. एका घरात किती?"

तिने चौकट उन्हाकडे तिरकी धरली. बराच वेळ बघत राहिली.

"एकच. तळाशी आहे."

"दुसऱ्या घरात?"

"एकच. सगळीकडे एकेकच."

"उभे की आडवे?" अंडे पहिल्या दिवशी उभे असते, मग कलते, तिसऱ्या दिवशी आडवे होते. हे मी त्यांना आदल्या आठवड्यात वाचून दाखवले होते.

"उभे आहे, काकू."

"म्हणजे काल-आजची राणी आहे घरात," काकू म्हणाल्या. "लिही गं तारीख."